एकाच कॅनव्हासवर दोघं : त्यानं माझे बगळे झाकले

कृष्णाकाठ :
नमस्कार मंडळी. मी सांगलीत चित्रकला शिक्षक आहे. साताऱ्याचा माझा मित्र आणि मी जी.डी. आर्टला (चित्रकलेच्या पदविकेला) एका खोलीत राहिलो. गेली दोन वर्षं आम्ही दोघं मिळून एकाच कॅनव्हासवर रंगवतोय. एक चित्र त्याचं, एक माझं असं नाही. प्रत्येक चित्र दोघांचं.

विषय एकच, कृष्णा. तो माहुलीला राहतो, तिथं वेण्णा कृष्णेला मिळते. माझ्या घरापासून हरिपूर सायकलच्या अंतरावर, तिथं वारणा मिळते. नदी आधी त्याच्या दारावरून जाते, मग माझ्या. कॅनव्हासही तसाच यायचा असं आम्ही पहिल्याच दिवशी ठरवलं. सुरुवात तो करतो, गुंडाळी करून रेल्वेनं येणाऱ्या कुणाच्या तरी हाती पाठवतो. मी इथं ताणून लावतो, काम करतो, परत पाठवतो. असं तीन-चार वेळा होतं. दोघांनाही 'आता हात लावू नये' असं वाटलं की थांबायचं. आतापर्यंत अकरा कॅनव्हास झाले, त्यातले चार पुरे झाले.

आता मूळ गोष्ट. आषाढात त्याच्याकडून ४ बाय ५ फुटांचा एक कॅनव्हास आला. वर पाऊस पडून गेल्यानंतरचं आभाळ आणि त्याचंच प्रतिबिंब खालपर्यंत उतरलेलं. इतकं सुंदर करडं मी त्याच्या हातून पूर्वी पाहिलं नव्हतं. त्या पाण्यात, खाली उजवीकडे, मी सात बगळे काढले. हरिपूरच्या संगमावर गाळाचा पट्टा उघडा पडतो, त्यावर ते उभे असतात. पांढरा पक्षी करड्या पाण्यावर काढणं सोपं वाटतं, पण नुसता पांढरा लावला की तो कागद कापून चिकटवल्यासारखा दिसतो. मानेच्या वळणात किंचित निळा, पोटाखाली गाळाचा तांबूस उजेड, आणि चोचीशी एकच कडक रेघ. शेवटच्या बगळ्याला मी पाय दिले नाहीत, ते पाण्यातच विरले. वीस वर्षांत माझ्या हातून झालेलं सगळ्यात चांगलं काम ते होतं, हे मला काढतानाच कळत होतं.

गणपतीनंतर कॅनव्हास परत आला. बगळे नाहीत. त्या जागी रंगाच्या नाइफनं ओढलेला बर्न्ट सिएन्ना, म्हणजे तांबूस तपकिरी, आणि पिवळी माती. पुराचं पाणी. सोबत चिठ्ठी नाही, फोन नाही. मीच फोन केला. तो म्हणाला, "अरे, ते तिथं टिकत नव्हते." मी फोन ठेवला. महिना झाला, आमचं बोलणं नाही.

तुमच्यापैकी कुणी असं काम केलंय का? दुसऱ्यानं आपलं झाकलं तर काय करायचं? झाकायचा हक्क असतो का?

प्रश्नचिन्ह :
मी तुमच्या बाजूनं आहे, पण मला मूळ कल्पनाच पटत नाही. चित्र हा एका माणसाचा निर्णय असतो. दोघं आले की एक तरी दबतो. अँडी वॉरहॉल आणि बास्किया या अमेरिकन चित्रकारांचं बघा. १९८४-८५ मध्ये दोघांनी मिळून जवळजवळ १६० कामं केली. वॉरहॉल आधी एखादं बोधचिन्ह किंवा वर्तमानपत्राचा मथळा रंगवायचा, बास्किया त्यावर जाऊन ते निम्मंअर्धं खोडायचा. १९८५ च्या सप्टेंबरात न्यूयॉर्कला प्रदर्शन झालं, जाहिरातीवर दोघं बॉक्सिंगचे हातमोजे घालून उभे. समीक्षकांनी झोडपलं, आणि त्यानंतर दोघांतला घरोबा आटला. दीड वर्षात वॉरहॉल गेला, १९८८ मध्ये बास्किया. मैत्री टिकवायची असेल तर कॅनव्हास वेगळे ठेवा.

कृष्णाकाठ :
हे मला माहीत आहे, आणि त्यातला एक भाग मला वेगळा दिसतो. तेच काम २०२३ मध्ये पॅरिसला पुन्हा मोठं प्रदर्शन करून दाखवलं गेलं. हातानं रंगवणं वॉरहॉलनं जवळपास सोडलं होतं, बास्कियाबरोबर तो पुन्हा ब्रशकडे वळला. त्याला दबणं म्हणता येईल का? माझंही तसंच आहे. शाळेत तीस मुलांच्या वह्या तपासून घरी आल्यावर माझा हात उठत नसे. साताऱ्याहून गुंडाळी आली की उठतो. म्हणून तर एवढं लागलं.

गंधार :
आमच्या मिरजेत जुगलबंदी ऐकत मोठा झालोय. दोघं कलाकार एकमेकांना जागा देतात. तो वाजवत असताना आपण थांबायचं. तुमच्या मित्राला थांबता आलं नाही, एवढंच.

कृष्णाकाठ :
गंधार, फरक आहे. सतारीवर एकानं घेतलेली जागा दुसरा पुसू शकत नाही, ती ऐकून झालेली असते. कॅनव्हासवर पुसता येते. माझे बगळे तो, मी आणि माझी बायको सोडून कुणीच पाहिले नाहीत. मी फोटोसुद्धा काढला नव्हता.

पडदेवाल्याची नात :
कृष्णाकाठ, तुमचं वाचून दोन दिवस डोक्यात तेच आहे, म्हणून लिहिते.

माझे आजोबा नाटकाचे पडदे रंगवायचे. ते आणि त्यांचे एक जोडीदार. त्या काळी हा आपल्या भागातला मोठा धंदा होता. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीत नाटक उभं केलं, पुढं कंपन्या वाढल्या, आणि कंपनी म्हटली की पडदे आलेच. कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव मेस्त्री हे चुलतभाऊ त्यातले सगळ्यात नावाजलेले. पडदे रंगवता रंगवता त्यांचं आडनावच 'पेंटर' झालं. आनंदराव १९१६ मध्ये गेले. दोघांनी मिळून मूव्ही कॅमेरा बनवायला घेतला होता, तो बाबूरावांनी पुढं पुरा केला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. एवढ्या मोठ्या पडद्यावर कोणता हात कुणाचा, हे तेव्हा कुणी विचारलंही नसेल.

आजोबा रंगाची पूड सरसात कालवायचे. सरस उकळताना घरभर वास सुटायचा, आजी खिडक्या उघडायची. झाडं-डोंगर आजोबांचे, महाल-खांब जोडीदाराचे. कंपनीचं पुढचं नाटक आलं, नवीन पडद्याला पैसे नसले की जुन्यावरच रंगवायचं. आमच्या माळ्यावर एका पडद्याचा हातभर तुकडा होता. पुढून बघितलं तर अरण्य. उन्हात धरून मागून बघितलं की अरण्याच्या खालून महालाच्या कमानी दिसायच्या. जोडीदाराच्या कमानी, आजोबांनी झाकलेल्या. मी लहानपणी तो तुकडा कितीदा उन्हात धरलाय.

तेव्हा झाकायचा हक्क असतो, असं मला वाटतं. पण आजोबा सांगायचे, दुसऱ्याच्या कामावर ब्रश न्यायचा असेल तर आधी त्याला चहाला बोलवायचं. तुमच्या मित्राचं चुकलं ते इथं.

यमाई_टेकडी :
मी औंधची. आमच्या श्री भवानी संग्रहालयात रविवर्म्याची चित्रं आहेत, माझं लहानपण त्यांच्यासमोर गेलं. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार, म्हणून हे सगळं आमच्या टेकडीवर आलं. रविवर्म्याबद्दल बोलताना लोक त्याचा धाकटा भाऊ सी. राजराजवर्मा विसरतात. तोही चित्रकार, निसर्गचित्रात तरबेज. दोघं एकत्र हिंडले, एकत्र कामं घेतली, मोठ्या भावाच्या चित्रांत मागचा निसर्ग आणि इतर भाग धाकट्यानं रंगवले. धाकटा १९०५ मध्ये गेला, रविवर्मा पुढच्याच वर्षी. चित्रावर नाव मात्र एकाचं राहिलं.

याउलट अकबराच्या चित्रशाळेत काय होतं पाहा. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातल्या अकबरनाम्याच्या पानांवर खालच्या समासात कारकुनांनी नोंदी केल्यात. 'तरह' म्हणजे मांडणी अमक्याची, 'अमल' म्हणजे रंगकाम तमक्याचं. कधी चेहरे तिसऱ्याचेच. चारशे वर्षांनी आपण ते वाचू शकतो. तुमच्या कॅनव्हासच्या मागं अशी नोंद आहे का?

कृष्णाकाठ :
नाही. आम्हाला ते हिशेब ठेवल्यासारखं वाटलं. 'हे तुझं, हे माझं' सुरू झालं की संपलं, असं तोच म्हणायचा आणि मलाही पटायचं.

कलम_५७ :
वकिली करतो, म्हणून एवढंच. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात ज्या कृतीत दोघांचा वाटा एकमेकांपासून वेगळा काढता येत नाही तिला सामाईक कर्तृत्वाची कृती म्हणतात. तुमची चित्रं त्यातच बसतात. हक्काची मुदत दोघांपैकी जो मागाहून जाईल त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. विक्री, छपाई, कॅलेंडर, जे काही कराल ते दोघांच्या लेखी संमतीनं करा, एका साध्या कागदावर का होईना. बगळ्यांसाठी मात्र कायद्याकडे बघू नका. चित्र पुरं झालेलं नव्हतं.

टर्पेंटाइन :
मी चित्रांच्या जतनाचं काम करतो. बाकीच्यांसारखी मलाही आधी मांडणीचीच भानगड वाटली होती. पण एका शब्दापाशी अडकलोय. कृष्णाकाठ, दोन प्रश्नांची उत्तरं द्या. एक, त्याचं आभाळ आणि पाणी कशात होतं? दोन, तुमचे बगळे कशात होते?

कृष्णाकाठ :
त्याचं ऑइल, म्हणजे तैलरंग. तो ऑइलशिवाय दुसरं काही वापरत नाही. बगळे मी ॲक्रिलिकमध्ये, म्हणजे पाण्यात कालवायच्या, झटपट सुकणाऱ्या रंगात काढले. शाळेमुळे मला संध्याकाळचे दोन-अडीच तास मिळतात, आणि पावसाळ्यात ऑइल आठ-आठ दिवस ओलं राहतं. पाठवायची घाई होती. का विचारताय?

टर्पेंटाइन :
कारण तुमचा मित्र 'टिकत नव्हते' म्हणाला.

ॲक्रिलिकवर ऑइल चालतं. ऑइलवर ॲक्रिलिक चालत नाही. ऑइल सुकतं म्हणतो खरं, पण ते पाणी उडून सुकत नाही. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेत घट्ट होत जातं, हाताला कोरडं लागलं तरी आत महिनोन्‌महिने चालू असतं. ॲक्रिलिकमधलं पाणी उडालं की त्याचा पातळ, ताणला जाणारा पापुद्रा होतो. त्याला खाली धरायला खरखरीत, तेल नसलेला पृष्ठभाग हवा. तेलकट पृष्ठभागावर तो नुसता बसलेला असतो, चिकटलेला नसतो. त्यात तुम्ही गुंडाळी केली. रंगाची बाजू आत की बाहेर?

कृष्णाकाठ :
आत. रंग खरचटू नये म्हणून.

टर्पेंटाइन :
बाहेर ठेवायची असते, आणि सहा इंची पीव्हीसी पाइपसारख्या जाड नळीवर. आत ठेवली की रंगाचा थर दाबला जातो, त्याला सुरकुत्या पडतात. बाहेर ठेवली की तो थोडा ताणला जातो, ते त्याला सोसतं. तुमचे बगळे साताऱ्याला उलगडताना सुटले असणार. मी पैजेवर सांगत नाही, पण मित्राला हे विचारा. मांडणीबद्दल नका विचारू, हे विचारा.

आणखी एक, कारण प्रश्नचिन्ह म्हणाले की दोघं आले की एक दबतो. रुबेन्स आणि थोरला यान ब्रुगेल या चित्रकार मित्रांनी दोन डझनांच्या आसपास चित्रं एकत्र केली. हेगच्या मॉरित्सहाउसमधलं ईडनच्या बागेचं चित्र, साधारण १६१५ चं, लाकडी फळीवरचं. ॲडम, ईव्ह, त्यांच्याजवळचं झाड, घोडा आणि साप रुबेन्सचे. बाकीची झाडं, पानं, बाकीचे सगळे प्राणी ब्रुगेलचे. खाली दोघांच्या सह्या आहेत, आणि रुबेन्सच्या सहीत 'आकृत्या' असा लॅटिन शब्दही आहे. तपासणीत दिसलं की मांडणीची सुरुवात ब्रुगेलनं केली, मग फळी रुबेन्सकडे गेली, मग पुन्हा ब्रुगेलकडे. तुमच्या कॅनव्हाससारखीच फिरली. पण दोघंही एकाच माध्यमात काम करत होते आणि कुणाच्या थरावर कुणाचा थर येणार हे दोघांना माहीत होतं.

प्रश्नचिन्ह :
हे मला सुचलं नव्हतं. धागा वाचतोय.

यवतेश्वर :
मी तो मित्र. मुलीनं हा धागा दाखवला. मी इथं नवीन आहे, चूकभूल द्यावी.

टर्पेंटाइन म्हणतात ते खरं आहे. गुंडाळी सोडली तेव्हा दोन बगळे आतल्या कागदाला चिकटून आले. तिसऱ्याची मान उचलली गेली होती, बोट लावलं तर अख्खा पापुद्रा सुटला. बाकीचे थांबतील म्हणून मी चार दिवस कॅनव्हास आडवा ठेवून हात लावला नाही. पाचव्या दिवशी आणखी एक सुटला. मग मी बाकीचे नाइफनं काढले आणि त्या जागी पूर आणला, कारण खाली उघडं पडलेलं माझं करडं तिथं आता खोटं वाटत होतं. बगळे येऊन गेलेली जागा पुन्हा नुसतं पाणी म्हणून दाखवणं मला जमेना.

टिकत नव्हते म्हणालो ते याच अर्थानं. पुढचं सांगणार होतो, तू फोन ठेवलास. नंतर मला वाटलं, तुला वाईट वाटलंय म्हणजे तुला कळलंय. चिठ्ठी लिहायला हवी होती. सोलण्याआधी फोन करायला हवा होता. ते माझं चुकलं, दोन्ही.

रविवारी ये.

पडदेवाल्याची नात :
दादा, जा. चहाला बोलावलंय त्यांनी.

कृष्णाकाठ :
मंडळी, जाऊन आलो.

सकाळच्या गाडीनं गेलो, कॅनव्हासची गुंडाळी बरोबर घेऊन. तो माहुलीच्या स्टेशनवर आला होता. बोलणं फार झालं नाही, पाऊस होता, स्कूटरवर बसलो. घरी त्यानं कंदी पेढ्यांचा एक जुना खोका काढला. आत बटर पेपरच्या घड्या. घडीत माझे चार बगळे. ॲक्रिलिकचे पापुद्रे, सोललेल्या कांद्याच्या सालीसारखे, पण अख्खे. मानेतला निळा तसाच. उलटं करून बघितलं तर त्यांच्या पोटाला मागून त्याचं करडं लागून आलं होतं, पाठीवर आभाळ घेऊन आल्यासारखं. तीन तुटले होते. बिनपायांचा त्यातच गेला.

मी त्याला एक गोष्ट बोललो, आणि ती इथंही लिहितो कारण तुम्ही सगळे त्यात आहात. चूक माध्यमाची होती, ती माझी. पण सोलण्याआधी मला विचारलं असतंस तर मी स्वतः येऊन सोलले असते. ते माझ्या हातानं व्हायला हवं होतं. त्यानं मान्य केलं. मी अजून पूर्ण विसरलेलो नाही, आणि तेही त्याला सांगितलं.

पुराचं पाणी मी पहिल्यांदा नीट बघितलं. रागात बघितलं होतं तेव्हा मला नुसता चिखल दिसला होता. नाइफचा पट्टा डावीकडून येतो आणि जिथं बगळ्यांचा पट्टा होता तिथं तो किंचित वर उचललाय, पाणी एखाद्या उंचवट्याला वळसा घालून जावं तसा. २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी पाणी असंच फिरत होतं, मी पाहिलंय. गाळाचा तो पट्टा पाण्याखाली आहे, एवढं कळतं. तो म्हणाला, ते मुद्दाम ठेवलंय.

बगळे परत चिकटवायचे नाहीत असं ठरलं. त्या चित्राला आता त्यांची जागा नाही. मी त्या पुरावर उजव्या कोपऱ्यात काम करणार आहे, ऑइलमध्येच, तेल थोडं वाढवून, म्हणजे त्याच्या थरावर माझा थर तडकणार नाही. दिवाळीच्या सुट्टीत करतो.

आणि यमाई, तुमचं ऐकलं. कॅनव्हास उलटा करून मागच्या कडेला त्यानं पेन्सिलनं लिहिलं: 'आभाळ, पाणी, ऑइल, मी, ज्येष्ठ. बगळे सात, ॲक्रिलिक, तो, आषाढ. सुटले, भाद्रपद. पूर, ऑइल, मी.' खाली एक ओळ मोकळी सोडलीय.

टर्पेंटाइन :
फार बरं वाटलं. एक काम आजच करा. त्या चार बगळ्यांचा बटर पेपर काढा, ॲक्रिलिक उबेला त्याला चिकटतं. सिलिकॉनचा कागद मिळतो, बेकरीवाले ट्रेमध्ये घालतात तोही चालेल. सपाट ठेवा, घडी नको, वर वजन नको.

यवतेश्वर :
राजवाड्यापाशी बेकरीत मिळाला. ठेवले.